मिलिमीटर कुठे खर्च करायचा? स्टेलरेटरच्या कॉइल जागेवर बसवताना

साडेतीन मीटर उंच, सुमारे ६ टन वजनाचं आणि कुणीतरी दोन्ही हातांत धरून पिळवटल्यासारखं दिसणारं एक पोलादी कडं डोळ्यांपुढे आणा. उत्तर जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डमध्ये, माक्स प्लांक प्लाझ्मा भौतिकी संस्थेत, वेंडेलश्टाइन ७-एक्स हा स्टेलरेटर, म्हणजे अतितप्त प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवणारं अणुसंमीलन यंत्र, बांधताना अशी ५० कडी, म्हणजे चुंबकीय कॉइल, निर्वात पात्राच्या तुकड्यांवर चढवली गेली. कासार मनगटावर बांगडी चढवतो तशीच: फिरवत, कलवत, थोडं मागे घेत, कुठेही न खरचटू देता. जोडीला २० सपाट कॉइल. १० डिसेंबर २०१५ रोजी यंत्रात पहिला प्लाझ्मा पेटला, आणि त्यानंतर वर्षभरात एक आकडा जगापुढे आला: चुंबकीय क्षेत्र आराखड्यापासून १ लाखात १ भागापेक्षाही कमी ढळलं आहे.

आता हिशोब मांडून बघा. कॉइल बसवल्या गेल्या त्या साधारण १ ते २ मिमी अचूकतेने. यंत्राची मोठी त्रिज्या, म्हणजे मध्यापासून प्लाझ्माच्या कड्याच्या मधोमधापर्यंतचं अंतर, ५.५ मीटर. म्हणजे १ मिमीची चूक साडेपाच हजारांत एक. साडेपाच हजारांतला एक भाग आणि लाखातला एक भाग यांत जवळपास वीसपट अंतर आहे. ते अंतर जास्त बारीक मोजून भरलं जात नाही. कोणता मिलिमीटर घातक आणि कोणता निरुपद्रवी हे ओळखण्यातून ते भरलं जातं. या लेखातली प्रत्येक पायरी त्याच कामासाठी आहे.

आधी थोडी भौतिकी, शिम (फट भरायची पातळ पट्टी) घालणाऱ्याला लागेल तेवढीच

डोक्यावर हंडा ठेवताना खाली घेतात ती चुंबळ आठवा. तिच्याभोवती तिरका दोरा गुंडाळत गेलात तर दोरा चुंबळीचा पृष्ठभाग झाकत जातो. स्टेलरेटरमधली चुंबकीय रेषा अशीच फिरते. अशा एकात एक बसलेल्या पृष्ठभागांनी प्लाझ्मा धरून ठेवला जातो. चुंबळीची एक लांब फेरी होईपर्यंत रेषा आडवे किती वळसे घेते, त्या आकड्याला आयोटा म्हणतात. टोकामॅकमध्ये (दुसऱ्या प्रकारच्या संमीलन यंत्रात) हा पीळ बराचसा प्लाझ्मातल्या प्रवाहातून येतो. स्टेलरेटरमध्ये तो बाहेरच्या कॉइलच्या आकारातूनच द्यावा लागतो. म्हणूनच इथे कॉइलच्या जागेला एवढं महत्त्व.

आयोटा १/२ असेल तर रेषा दोन लांब फेऱ्यांत बरोबर सुरुवातीच्या जागी परत येते. अशा रेषेला प्रत्येक वेळी त्याच जागी एक क्षुल्लक धक्का बसला, तर झोपाळ्याला लयीत दिलेल्या झोक्यासारखा तो साठत जातो. पृष्ठभाग फाटतो आणि त्याच्या जागी बेटं तयार होतात. बेटाच्या आत उष्णता सहज आरपार निघून जाते.

बेटाची रुंदी काढायचं सूत्र शब्दांत असं: मोठी त्रिज्या गुणिले क्षेत्रातल्या त्रुटीचं प्रमाण, त्याला भागिले त्या बेटसाखळीचा आडवा अंक (आडव्या छेदात दिसणाऱ्या बेटांची संख्या) गुणिले आयोटाचा दर मीटरला होणारा बदल, आलेल्या संख्येचं वर्गमूळ, त्याची चौपट. नमुन्यादाखल त्रिज्या ५.५ मी., त्रुटी १ लाखात १, आडवा अंक २ आणि आयोटाचा बदल मीटरला ०.१ धरा. उत्तर येतं सुमारे ६.६ सेंमी. त्रुटी १० हजारांत १ केलीत तर २१ सेंमी. वेंडेलश्टाइनच्या प्लाझ्माची सरासरी छोटी त्रिज्या (त्याच्या आडव्या छेदाची) सुमारे अर्धा मीटर आहे, हे लक्षात घेतलं की २१ सेंमीचा अर्थ कळतो.

या सूत्रातल्या दोन गोष्टी मनात पक्क्या करा. एक, वर्गमूळ आहे. त्रुटी शंभरपट कमी केली तरी बेट फक्त दहापट आक्रसतं. दोन, आयोटाचा बदल जितका मंद, तितकं बेट रुंद. वेंडेलश्टाइनमध्ये तो मुद्दाम मंद ठेवला आहे आणि कडेला आयोटा १ च्या जवळ आणून तिथल्या पाच नैसर्गिक बेटांचा उपयोग उष्णता डायव्हर्टरच्या (कडेची उष्णता झेलणाऱ्या भागाच्या) पट्ट्यांवर सोडायला केला आहे. त्या पाच बेटांतला सारखेपणा बिघडला की एका डायव्हर्टरवर जास्त भार येतो आणि दुसरा थंड राहतो.

पायरी १: चुकांना नावं द्या

वेंडेलश्टाइन पाच एकसारख्या मॉड्यूलचं बनलेलं आहे. समजा प्रत्येक मॉड्यूलमधली तीच कॉइल त्याच दिशेला २ मिमी सरकली. क्षेत्राची पाच भागांतली सममिती शाबूत राहते. आयोटा किंचित बदलेल, आणि ते प्रवाह थोडा कमीजास्त करून सावरता येईल. पण पाचांपैकी एकाच मॉड्यूलमध्ये ती कॉइल १ मिमी सरकली तर पूर्ण फेरीत एकदाच येणारी विषमता जन्माला येते, आणि आयोटा १ किंवा १/२ जवळच्या रेषा नेमकी तीच उचलतात. सगळीकडे सारखी झालेली २ मिमीची चूक परवडते. एकाच ठिकाणची १ मिमीची महाग पडते.

या एका गोष्टीवरून कारखान्यातले बरेच निर्णय ठरतात. एका प्रकारच्या सगळ्या कॉइल एकाच जिगवर (धरून ठेवणाऱ्या साच्यावर) बनवा. वेल्डिंगचा क्रम पाचही मॉड्यूलमध्ये तोच ठेवा. एका मॉड्यूलमध्ये 'सुधारणा' सुचली आणि ती बाकीच्या चारांत करता येणार नसेल, तर ती न करणंच बहुधा शहाणपणाचं.

त्यानंतर संगणकावर बसा. प्रत्येक कॉइलला सहा हालचाली असतात: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. एकेक हालचाल १ मिमी देऊन क्षेत्रातला घातक घटक, म्हणजे फेरीत एकदा-दोनदा येणारी विषमता, किती वाढतो त्याचा तक्ता करा. सिमसॉप्टसारखी मुक्त संगणकप्रणाली यासाठी उपलब्ध आहे. तिच्यात कॉइलच्या वाकणाला यादृच्छिक विचलन देऊन शेकडो नमुने चालवता येतात. तक्ता हाती आला की दिसेल की काही कॉइल काही दिशांना फार हळव्या आहेत आणि काही दिशांना ३ मिमी हलल्या तरी फरक पडत नाही. सगळ्यांना सरसकट एकच टॉलरन्स (चुकीची मुभा) लावू नका. प्रिन्स्टनमधल्या एनसीएसएक्स या १८ वळणदार कॉइलच्या स्टेलरेटरला सुमारे दीड मिलिमीटरची मर्यादा पाळायची होती. ती पाळण्यासाठी लागलेला खर्च आणि वेळ ही तो प्रकल्प मे २००८ मध्ये बंद होण्यामागच्या प्रमुख कारणांपैकी होती. बनवलेल्या कॉइल तशाच राहिल्या. अनावश्यक ठिकाणी मागितलेला अर्धा मिलिमीटर यंत्राच्या जिवावर येऊ शकतो, याचं हे मला या व्यवसायातलं सगळ्यात दुःखद उदाहरण वाटतं.

मग जमाखर्च मांडा. नमुन्याचे आकडे: कॉइलच्या घडणीत १.० मिमी, मोजणीत ०.२, बसवणीत ०.८, वेल्डिंगच्या ओढीत १.०, थंडी आणि भाराच्या अंदाजातली चूक ०.५. सरळ बेरीज ३.५, पण चुका एकमेकींशी निगडित नसतील तर वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यायचं, ते येतं १.७ मिमी. 'निगडित नसतील तर' या शब्दांवर बोट ठेवा. सगळ्या कॉइल एकाच चुकीच्या मापपट्टीने मोजल्या असतील तर हे गणित लागू होत नाही.

पायरी २: संदर्भजाळं

गवंडी ओळंबा, गुण्या आणि पाणसळ घेऊन कोपरा धरतो. इथे ते काम लेसर किरणाने बिंदूंची जागा मोजणारा लेसर ट्रॅकर करतो. चांगल्या ट्रॅकरची चूक साधारण १५ मायक्रॉन अधिक दर मीटरला ६ मायक्रॉन, म्हणजे ५ मीटरवर ४५ मायक्रॉन. कॉइलच्या मानाने हे उत्तम आहे. अडचण असते ती ट्रॅकरला सगळं दिसण्याची. म्हणून हॉलच्या भिंती, फरशी आणि खांबांवर परावर्तक गोळ्यांच्या बैठका पक्क्या बसवून घ्या. प्रत्येक बैठक निदान तीन जागांवरून दिसली पाहिजे. मग सगळ्या जागांवरचं जाळं एकत्र लघुत्तम वर्ग पद्धतीने (फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) जुळवा. यंत्र जसजसं उभं राहील तशा निम्म्या बैठका झाकल्या जातील, तेव्हा सुरुवातीला 'फार झाल्या' वाटतील इतक्या लावा.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. पोलादाची साडेतीन मीटरची कॉइल ५ अंशांनी तापली तर पाव मिलिमीटरहून जास्त वाढते. एका कारखान्यात आम्ही चार मीटरची पोलादी चौकट सकाळी मोजली आणि दुपारी पुन्हा मोजली, फरक ०.३ मिमी. दोन दिवस फिक्स्चरमध्ये दोष शोधला. कारण निघालं पश्चिमेकडचं उघडं शटर: ऊन चौकटीच्या एकाच बाजूवर पडत होतं आणि ती बाजू सहा-सात अंशांनी तापली होती. तेव्हापासून मोजणीच्या तक्त्यात वस्तूच्या चार बाजूंचं तापमान लिहिल्याशिवाय मी आकडा स्वीकारत नाही. एक मोजमाप पुन्हा पहाटे घेऊन ताडून पाहणं ही स्वस्तातली खात्री आहे.

पायरी ३: कॉइलमधला प्रवाह नेमका कुठे आहे?

क्षेत्र निर्माण करतो तो प्रवाह. बाहेरून दिसतं ते पोलादी कवच. वेंडेलश्टाइनच्या कॉइलमध्ये नायोबियम-टायटॅनियमच्या अतिवाहक तारेची गुंडाळी ओतीव पोलादाच्या कवचात बसवलेली आहे आणि मधली जागा वाळू व इपॉक्सीने भरलेली आहे. कवच कितीही नेटकं असलं तरी गुंडाळी आत एका बाजूला सरकलेली असू शकते, आणि कवच बंद झाल्यावर ते कधीच दिसत नाही.

म्हणून गुंडाळी उघडी असतानाच तिचे छेद मोजून घ्या. प्रत्येक छेदाचा मध्य काढा, ते मध्य जोडून प्रवाहाची मध्यरेषा तयार करा. मग कवचावरच्या संदर्भबिंदूंशी तिचं नातं जोडा. कवच बंद करताना गुंडाळी हलू नये म्हणून ठोकळे लावा, आणि बंद केल्यावर ज्या खिडक्यांतून अजून गुंडाळी दिसते तिथे पुन्हा मोजा. नंतरच्या सगळ्या वर्षांत तुम्ही कवचावरच्या त्या बिंदूंवर विसंबणार आहात. ते बिंदू कमीत कमी आठ तरी ठेवा, आणि पसरलेले ठेवा. वेल्डिंगमध्ये, वाहतुकीत, चाचणीत काही निकामी होतातच. वेंडेलश्टाइनच्या कॉइल फ्रान्समधल्या साक्लेला थंड करून तपासल्या गेल्या आणि मग ग्राइफ्सवाल्डला आल्या. एवढ्या प्रवासानंतर बिंदूंची पुन्हा पडताळणी न करता पुढे जाऊ नये.

या टप्प्याला मिळालेला आकार आराखड्यातल्या आकाराशी जुळणार नाही. जुळवायचा प्रयत्नही करू नका. मोजलेला आकार जसाच्या तसा संगणकात ठेवा. यापुढचं प्रत्येक गणित या खऱ्या कॉइलवर होईल.

पायरी ४: बसवणं आणि घट्ट करणं

कॉइल क्रेनने नव्हे, सहा दिशांना बारीक हलवता येणाऱ्या आधारावर घेऊन जागेवर आणा. ट्रॅकर चालू ठेवून आधी तीन फिरण्या साधा, मग तीन सरकण्या. उलट क्रमाने केलंत तर फिरवताना साधलेली जागा पुन्हा सुटते. लक्ष्य ठरवताना कवचाच्या बिंदूंची सरसकट सरासरी घेऊ नका. पायरी १ च्या तक्त्यातून आलेलं वजन लावून जुळवा. हळव्या दिशेत ०.३ मिमी मिळवण्यासाठी निबर दिशेत १.५ मिमी सोडून द्यायला हरकत नाही.

जागा साधली की फटी मोजा आणि त्या मापाच्या शिम घासून घ्या. आधीच तयार ठेवलेल्या जाडीच्या शिम दडपून बसवल्या तर बोल्ट आवळताना कॉइल शिमच्या मागे जाते. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांत, तीन फेऱ्यांत आवळा. प्रत्येक फेरीनंतर मोजा.

वेल्डिंग हा सगळ्यात अवघड भाग आहे. पोलाद निवताना ओढतं, आणि शेजारच्या दोन कॉइलमधला आधार वेल्ड केला की दोन्ही एकमेकींकडे येतात. आधी त्याच जाडीच्या नमुन्यांवर वेल्ड करून ओढ किती ते मोजा. मग कॉइल तेवढी उलट दिशेला सरकवून सुरुवात करा. आळीपाळीने दोन्ही बाजूंना छोटे थर द्या, आणि दर काही थरांनंतर ट्रॅकर बघून पुढचा थर कुठे द्यायचा ते ठरवा. इथे वेल्डर आणि मोजणी करणारा यांचं एकमेकांशी बोलणं कागदावरच्या कुठल्याही सूचनेपेक्षा मोलाचं असतं.

पायरी ५: गरम हॉलमध्ये थंड यंत्राचा विचार

कॉइल बसवता तेव्हा हॉल २० अंशांवर असतो. चालताना त्या ४ केल्विनच्या आसपास असतील. एवढ्या थंडीत पोलाद मीटरला जवळपास ३ मिमी आक्रसतं, म्हणजे ५.५ मीटरला सुमारे १६ मिमी. सगळी कडी मिळून मध्याकडे दीड सेंटिमीटर सरकतात. ही हालचाल सममित असेल तर ती आधीच आराखड्यात मिळवून ठेवायची असते. भीती असते ती आधारांच्या घर्षणाची: एक मॉड्यूल अडकलं आणि चार सरकली, तर थंडीनेच विषमता तयार केली. म्हणून सरकणाऱ्या आधारांचे पृष्ठभाग पाचही ठिकाणी सारख्याच लेपाचे, सारख्याच दाबाचे ठेवा. पूर्ण क्षेत्र चढलं की कॉइल भाराने लवचिकपणे वाकतात आणि बेटांची जागा थोडी हलते. ही हालचालही संरचनेच्या गणितातून आधी काढा, म्हणजे मोजताना दचकायला होणार नाही.

पायरी ६: मॉड्यूल कुठे ठेवायचं हे क्षेत्राला विचारा

सुरुवातीच्या वीसपट अंतराचा मोठा वाटा इथे भरून निघतो. पाच मॉड्यूल तयार आहेत. प्रत्येकातल्या कॉइलचा मोजलेला आकार आणि मोजलेली जागा संगणकात आहे. त्यावरून पूर्ण यंत्राचं क्षेत्र काढा आणि फेरीत एकदा, दोनदा येणारे घटक वेगळे करा. मग प्रत्येक मॉड्यूल अखंड धरून थोडं सरकवा, थोडं फिरवा, आणि हे घटक कमी होतात का ते पाहा. कॉइलच्या घडणीत शिरलेल्या चुकांचा एक भाग मॉड्यूलच्या जागेने खोडता येतो. वेंडेलश्टाइनवर हाच मार्ग घेतला गेला.

गणित प्रत्येक मॉड्यूल बसल्यावर पुन्हा करायचं. पहिलं मॉड्यूल हवं तिथे न बसता १ मिमी बाजूला बसलं, तर ते ओढून परत आणण्यापेक्षा उरलेल्या चारांची लक्ष्यं बदलणं सोपं असतं. शेवटच्याला मात्र मोकळीक कमी उरते, कारण दोन्ही बाजूंना शेजारी असतात. त्याच्यासाठी हळव्या दिशेतली थोडी जागा आधीपासून राखून ठेवा.

याच वेळी भटक्या क्षेत्रांचा बंदोबस्त करा. प्रवाह नेणारी आणि परत आणणारी पट्टी अगदी लगत, एकमेकींना चिकटून न्या. त्यांच्यातली फट हीच एक नको असलेली कॉइल असते. यंत्राजवळचे वेल्ड आणि बोल्ट चुंबकाला प्रतिसाद देतात का ते तपासा. हॉलच्या काँक्रीटमधल्या सळया विसरू नका. त्या एका भिंतीत जास्त आणि दुसरीत कमी असतात, आणि नेमकी अशी विषमताच घातक.

पायरी ७: अंधारात नकाशा काढणं

आतापर्यंत सगळं कागदावर आहे. आता पात्र निर्वात करा, क्षेत्र चढवा आणि एक छोटी इलेक्ट्रॉन-बंदूक आत घाला. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषा धरून फेऱ्यांवर फेऱ्या मारतात. दुसऱ्या एका जागी झिंक ऑक्साइडसारख्या चकाकणाऱ्या भुकटीचा लेप दिलेली बारीक दांडी छेदभर फिरवा. इलेक्ट्रॉन जिथे आदळतात तिथे ठिपका उजळतो, आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवलं की सगळे ठिपके एका चित्रात उमटतात. बंदूक थोडी आतबाहेर करून पुढचा पृष्ठभाग घ्या. पृष्ठभाग निकोप असेल तर ठिपक्यांची बंद वक्ररेषा दिसते. बेट असेल तर तिच्याजागी वेगळ्या छोट्या बंद रेषा. मी या चित्रांकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ स्क्रीनवरून नजर हलली नाही. समीकरणात भेटलेली गोष्ट तिथे हिरवट उजेडात उभी होती.

कॅमेऱ्याची दिशा पात्रातल्या मोजलेल्या बिंदूंवरून आधी जुळवून घ्या, नाहीतर चित्र सुंदर येईल पण त्यावरून मिलिमीटर काढता येणार नाहीत.

मूळ त्रुटी मोजायची युक्ती अशी. प्रवाह असे ठेवा की आयोटा १/२ यंत्राच्या आत पडेल. आदर्श यंत्रात तिथे बेट नसतं. जे दिसेल ते विषमतेचं. मग ट्रिम कॉइलने (क्षेत्र बारीक दुरुस्त करणाऱ्या जादा कॉइलने) माहीत असलेलं, फेरीत एकदा येणारं क्षेत्र मिळवा आणि त्याची दिशा पायरीपायरीने फिरवत दर वेळी बेटाची रुंदी मोजा. रुंदीचा वर्ग एकूण त्रुटीच्या प्रमाणात असतो, म्हणून काही दिशांच्या वर्गांवरून मूळ त्रुटीचा आकार आणि दिशा दोन्ही निघतात. उलट वाटेनेही जाता येतं: न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या चार कॉइलच्या छोट्या सीएनटी यंत्रात मोजलेले पृष्ठभाग गणिताशी जुळत नव्हते, तेव्हा कॉइल किती सरकल्या असतील हे पृष्ठभागांवरूनच शोधून काढलं गेलं.

पायरी ८: ट्रिम कॉइल

वेंडेलश्टाइनच्या क्रायोस्टॅटबाहेर (कॉइल थंड ठेवणाऱ्या कवचाबाहेर) साध्या तांब्याच्या पाच ट्रिम कॉइल आहेत. त्या अमेरिकेतून, प्रिन्स्टनच्या सहभागातून आल्या. पाच कॉइल ७२ अंशांवर असतील तर फेरीत एकदा येणारं क्षेत्र मिळवायला प्रवाह कोसाइनच्या प्रमाणात द्या. दिशा पहिल्या कॉइलवर असेल तर प्रमाणं १, ०.३१, −०.८१, −०.८१, ०.३१. बेरीज शून्य येते का ते पाहा. येत नसेल तर तुम्ही नको असलेलं सममित क्षेत्रही मिळवताय. जागेअभावी एखादी कॉइल वेगळ्या आकाराची असेल तर तिचा प्रवाह तेवढ्या प्रमाणात बदला.

ट्रिम कॉइल आहेत म्हणून आधीच्या पायऱ्यांत ढिलाई करू नका. त्या फेरीत एकदा-दोनदा येणारे घटक सुधारू शकतात, त्याहून बारीक बिघाड त्यांच्या आवाक्याबाहेर असतो. हीच पद्धत टोकामॅकलाही लागू पडते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य-यू किंवा एसएसटी-१ या टोकामॅकवर काम करू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने संवेदनशीलतेचा तक्ता स्वतः एकदा तयार करून पाहावा. त्यासाठी लॅपटॉप पुरतो.

ट्रिमचे प्रवाह ठरले की नोंदवहीत तारीख, क्षेत्राची तीव्रता आणि कॉइलचं तापमान यांसह लिहा, आणि त्याच प्रवाहांवरचा पहिला नकाशा जपून ठेवा. यंत्र गरम करून पुन्हा थंड केलं, पात्र उघडलं, एखादा आधार बदलला, की प्लाझ्मा पेटवण्याआधी त्याच मांडणीत, कॅमेरा तेवढाच वेळ उघडा ठेवून नकाशा पुन्हा काढा आणि पहिल्यावर ठेवून बघा.